बिनजाळाची

पहाटे साडेचारला बल्कर येतो.
पाईप जोडला की राख सायलोत चढते,
नळीच्या आत सरसरत, पाण्यासारखी,
आणि जिथं सांधा ढिला आहे तिथून
पिठासारखी उडते.
दुर्पता म्हणते, "गिरनीतच कामाले लागलो म्हनाचं."
दुपट्ट्याआड आम्ही हसतो;
हसलं की दुपट्टा तोंडात ओढला जातो.

राख, चुना, जिप्सम, क्रशरची चुरी.
माप घमेल्याचं नाही, वजनकाट्याचं.
तरी मी मिक्सरमधून मूठभर उचलते,
दाबते, उघडते.
लाडू टिकला पाहिजे, आणि तळवा कोरडा.
काट्याला हे कळत नाही.

मशीन खाली येतं, थांबतं, उचकी देतं.
फळीवर सहा विटा.
करड्या, धारेच्या कोपऱ्यांच्या,
इतक्या सारख्या की नाव ठेवता येत नाही.

लटारूजी नऊच्या सुमारास येतात,
काठी गेटला टेकवून.
चाळीस वर्षं नदीकाठी लाल विटांचा भट्टा लावला त्यांनी.
रात्र रात्र जागून
धुराच्या रंगावरून ओळखायचे
आत कुठली रांग कच्ची आहे.
त्यांनी एक वीट उचलली,
बोटाच्या पेरानं वाजवली, कानाशी नेली.
"भट्टी कुठं हाय वं इची?"
भट्टी नाही म्हटलं.
एकवीस दिवस पाणी मारायचं, बस.
"बिनजाळाची?"
वीट खाली ठेवली त्यांनी,
परक्याच्या घरातलं भांडं ठेवावं तशी.

त्या दिवशी सांगायचं राहिलं.
फळ्या उचलायच्या होत्या, लाईट जाणार होती.
पण जाळ झाला आहे, लटारूजी.
जुन्या पिंपळबोडीखाली,
बोडीखाली, चिंचेखाली,
तुम्ही माती उचलायचे त्या पडीत वावराखाली
काळं काहीतरी झोपलेलं होतं.
ते उपसलं.
आपल्याला नव्या वस्तीत प्लॉट मिळाले, नंबरचे,
आणि ते पट्ट्यावर बसून केंद्रात गेलं, जळलं.
उजेड तारांवरून कुठं गेला मला ठाऊक नाही,
बिल मात्र येतं.
उरलं ते हे,
वाऱ्यानं वाळत्या कुरड्यांवर बसायचं,
गाईच्या पाठीवर, बाळाच्या टाळूवर,
झटकलं तरी संध्याकाळी पुन्हा.
आपण त्याला शिव्या दिल्या.
आता टनावर मागवतो,
आणि बल्कर उशिरा आला की मीच फोन करते.

मे महिन्यात पंप जळला.
शेचाळीस डिग्री, नऊ हजार विटा,
पाचव्या दिवसाच्या, उन्हात तडकायच्या बेतात.
आम्ही हापशीवरून गुंड वाहिले.
दुपारी बघते तर थप्पीच्या पल्याड
लटारूजी ओल्या गोणपाटाचे कोपरे खाली खोचत होते,
कुणी बोलावलं नव्हतं.
मधूनच थप्पीला गाल लावायचे.
काय ऐकता, विचारलं.
"चूप राय," म्हणाले.

जाताना कोपरे उडालेल्या तीन विटा मागितल्या.
रिजेक्टच्या ढिगातून घ्या म्हटलं.
एकेक वाजवून, सायकलच्या कॅरेजला बांधून नेल्या,
बारक्या पोराला डॉक्टरकडे न्यावं तसं
एक हात मागे ठेवून.

पुढच्या महिन्यात बचत गटाचा हप्ता मागायला गेले.
अंगणात त्या तीन विटांची चूल,
वर न्हाणीचं पाणी.
तुऱ्हाट्या तडतडत होत्या,
विटा आतून काळ्या, बाहेरून होत्या तशाच.
"म्हटलं, जाळ दाखवून पायतो,"
लटारूजी माझ्याकडे न बघता म्हणाले,
आणि फुटल्या की नाही ते बोलले नाहीत.
मीही खाली वाकून पाहिलं नाही.

त्यांची सून कडेला बसून
कालच्या चुलीची राख चिमटीत घेऊन
गंजाची कड घासत होती.
एक बोट तिनं उन्हाकडे धरलं,
निरखलं,
आणि पुन्हा राखेत बुडवलं.