धावदोरा

वॉल्टनच्या शेडमध्ये, चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत,
वीज आठवड्यातून तीनच दिवस,
एनिड गारसाइड बसायची रॉकेलच्या शेगडीपाशी
आणि नर्सचा पांढरा झगा शिवायची,
मुद्दाम कच्चा.

दाराच्या कडीत अडकला की
एका हिसक्यात उसवला पाहिजे
काखेपासून थेट कमरेपर्यंत.
टेक सात. बजेटमध्ये झगे दोनच.
मधल्या वेळात ती पुन्हा धावदोरा घाली,
ग्लेनिसच्या पाठीवरचा काटा
पावडरखाली लपवी.
"सोस गं पोरी. एवढा एक, मग चहा."

सेन्सॉरनं सव्वा मिनिट कापलं.
पेपरवाल्यांनी नाकं मुरडली.
क्रूच्या थिएटरात मात्र, मंगळवारी दुपारी,
रेल्वेचे हमाल
खुर्च्यांचे हात मोडेस्तोवर हसले.

काल रात्री दीड वाजता
कुठल्याशा चॅनेलवर लागला होता.
एनिड, वय ब्याण्णव, मार्गेट,
आवाज बंद, शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं.
नावांच्या यादीत ती नाहीच.
झगा टरकला.
तिनं चष्मा पुसला, पुढं वाकली:
शिवण सरळ उसवली होती, बरोब्बर खुणेवर.

ग्लेनिस जाऊन अकरा वर्षं झाली.
पडद्यावर ती किंचाळते,
दोन हातांनी काय काय झाकू बघते,
आणि एनिडचा हात
उशालगत सुई चाचपतो.