बावन्न पौंड

मडगावच्या क्लबात, कोर्टामागच्या खोलीत
मी रॅकेटी विणतो.
बाप देवाच्या पालख्या घडवायचा.
आम्ही च्यारी, हाताला काहीतरी लागतंच.

ज्युडिता रेबेलो पहिल्यांदा आली
तेव्हा अकराची. पायांत थोरल्या भावाचे बूट,
पुढे कापूस कोंबलेला.
"अंकल, घट्ट करा, पंचेचाळीस."
केवढंसं ते मनगट.
मी चाळीसवर ओढली
आणि पंचेचाळीस सांगितलं.

चेंडू लागतो तिथेच तार झिजते,
चिऱ्याची लाल धूळ तिथेच मुरते.
तिच्या पहिल्या जाळीवर लाल सगळीकडे,
लाकडी चौकटीवरसुद्धा.
पंधराव्या वर्षी बशीएवढं.
एकोणिसाव्या वर्षी, बावन्न पौंडांवर,
जुन्या रुपयाएवढं, अगदी मधोमध.
ती तार मी फेकली नाही.
बिस्किटांच्या डब्यात आहे.

मग ती गेली. लिस्बन, दोहा,
आणि मला उच्चारता न येणारी गावं.
रात्री दोनला कायतानच्या तावेर्नात
आम्ही टीव्हीपुढे बसायचो, चर्चमध्ये बसतात तसे.
जिंकली तर फुकट फेणी, कायतान म्हणायचा
आणि द्यायचा नाही.
तिने मोठा कप उचलला त्या पहाटे मात्र दिली.
बाहेर पोदेराचा भोंगा वाजला,
त्याची अख्खी टोपली आम्ही तिथेच संपवली.
त्या दिवशी बोर्ड्यावर कुणाला पाव मिळाला नाही.

नाताळात घरी आली की रॅकेटी माझ्याकडे.
एका डिसेंबरात तारा कापताना दिसलं,
झीज सरकली होती,
मधून टोकाकडे, दोन बोटं.
म्हणजे चेंडू आधी पोचत होता
आणि ती मागून.
पेपरांत खांद्याचं आलं ते मार्चमध्ये.

मी विचारलं, "सत्तेचाळीस करू?"
"बावन्न."
मी सत्तेचाळीसवर ओढली
आणि बावन्न सांगितलं.
तिने तळव्यावर तारा आपटल्या,
कान देऊन ऐकल्या,
माझ्याकडे बघितलं
आणि पैसे मोजून ठेवले.

अजून दोन वर्षं खेळली.
कितव्या नंबरवर थांबली ते कायतानला पाठ आहे,
मला नाही.

आता क्लबात शिकवते. सकाळी सहाला
कोर्टावर नारळाच्या काथ्याने स्वतःच रेघा आखते,
उजवा हात खांद्यावर जात नाही म्हणून डाव्याने.

काल दारात एक पोर उभी राहिली,
हातात तिच्याहून लांब रॅकेट.
"किती पौंड?"
"पंचेचाळीस."
जरा थांबली, मग सांगून टाकलं,
"टीचर म्हणाली, चाळीस हवे असतील
तर अंकलना पंचेचाळीस सांग."