मधली चित्रं

सरांनी चौथ्यांदा परत पाठवलं.
"निनावे, तुझी बाई चालत नाही,
तरंगते. वजन कुठंय तिचं?"
एका पावलाची बारा चित्रं,
दोन पावलांची चोवीस, म्हणजे एक सेकंद.
त्या एका सेकंदात माझ्या चार रात्री गेल्या.

लॅब सहाला बंद होते.
कूलरमधलं पाणी त्याच्या आधीच संपतं.
खोब्रागडे काका किल्ल्या वाजवत येतात,
"काऊन मॅडम, कार्टून हासून नाही राहिलं का अजून?"
हसतं काका. चालत नाही.

घरी, गोळीबार चौकाच्या मागं,
दिव्याची पेटी बाबांनी केलेली:
मोडलेल्या शोकेसची काच, खाली ट्यूबलाइट,
एका कोपऱ्यात खिळा वर आलाय, त्याला मी रुमाल बांधलाय.
मे महिन्यात मनगटाला कागद चिकटतो
आणि बाई घोट्यापाशी पुसट होते.

आत्या विचारते, हे शिकून काय होणार?
तिला सांगितलं,
मोठे लोक मुख्य चित्रं काढतात:
हात वर, हात खाली.
मधली आम्ही काढायची.
ती कोणाला दिसत नाहीत,
पण नसली तर हात चालत नाही, उडी मारतो.
"मंग शेवटी नाव येते का तुमचं?"
येतं कधी कधी. बारीक अक्षरात,
लोक अंधारात पायानं चपला शोधत असतात तेव्हा.
आत्या पदर तोंडाला लावून म्हणाली,
"आपल्याला काय फरक पडते बाप्पा,
आपण आधीचेच निनावे."
सगळे हसले. मीही.

मार्चमध्ये हैदराबादची कंपनी आली होती.
काम होतं तारा पुसायचं,
ज्या तारांना टांगून नायक इमारतींवरून उडतो, त्या.
त्यांनी वहीतलं एकही पान उलटलं नाही.
विचारलं, "दिवसाला किती फ्रेम?"
प्रणोती म्हणाली शंभर, आणि तिला घेतलं.
वर्गात घोडा फक्त तिलाच काढता येतो.
मी विचारलं, चांगल्या, की नुसत्या?
फाइल मिटली.

काल रात्री वीज गेली.
बाबांची टाइल्सच्या दुकानातली पहाऱ्याची पाळी नव्हती,
ते खाटेच्या काठावर बसले,
मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसावं तसे.
माग विकून नऊ वर्षं झाली.
हातात पुठ्ठा, वारा घेत होते,
आणि खाली, त्यांना न विचारता,
पाय चालले होते:
डावा दाबला, उजवा वर,
उजवा दाबला, डावा वर,
मध्ये एक अगदी छोटी थांब,
धोटा पलीकडे पोचेपर्यंतची.

मी मोबाइलचा उजेड पायांवर धरला.
पाऊल आधी पडत नाही.
आधी कंबर खाली येते, नकळत,
मग गुडघा कबूल होतो,
टाच सगळ्यांत शेवटी.
माझी बाई तर थेट टाचेपासून सुरू होत होती,
पाठ केल्यासारखी.

"काय करून राहिली वो?"
तुमचे पाय काढतेय. हलू नका. म्हणजे, हला.
"पाय काय काढतं पोट्टे, चेहरा काढ.
चेहरा बरा आहे माझा."
पण आता कळल्यावर
पाय तसे चालेनात.
तीनच चित्रं हाती लागली.
मधली एकवीस मी पहाटेपर्यंत काढली.

आज सरांनी बाईला सात वेळा चालवलं.
मग म्हणाले, "डावा पाय जरा जड पडतोय."
मी म्हटलं, राहू द्या सर, तो तिचाच आहे.
ते काही बोलले नाहीत,
आठव्यांदा मात्र पाहिलं.

शुक्रवारी पुण्याहून कोणीतरी येणार आहे.
एक मिनिटाची रील आणा, म्हणतात.
माझ्याकडे एक सेकंद आहे.
बाबा आरशासमोर उभे राहून
पहाऱ्याच्या टोपीखाली केस सारखे करतायत,
चेहरा कधी काढणार, म्हणून.