डावी कूस

दोन्या फेलिसितास सुईण
हातांवर तेल चोळत म्हणाली,
"कूस उजवली ना, आता डावी धर.
उताणी पडू नकोस."

युकातानमधल्या आमच्या गावात
माणूस तान्हेपणापासून म्हातारपणापर्यंत झोळीतच झोपतं,
आणि झोळी तर पाठीवरच घरंगळवते.

एलिहिओने बहिणीचा पलंग उसना आणला.
दोन रात्री मी त्यावर ओंडक्यासारखी.
तिसऱ्या दिवशी त्यावर कोंबड्या बसल्या.

मग झोळीतच तिरकी झाले,
गुडघ्यांमध्ये गुंडाळलेली शाल,
पोटाखाली त्याचा विटका सदरा.
माझ्या झोळीची एक सुतळी
त्याने स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला बांधली.
मी उलटले की ओढ बसते,
शेजारच्या झोळीतून झोपाळू आवाज येतो,
"डावीकडे, बाई."

काल तीनदा ओढ बसली.
तीनदा तो बोलला.
मी डाव्याच कुशीवर, टक्क जागी.
"मी हललेच नाही," म्हटलं.
"आतलं कूस बदलतंय."

सुतळी कितीतरी वेळ ताणलेली.
मग अंधारात गाठ सोडल्याचा आवाज,
"त्याला झोपू दे
हवं तसं."