पहिला गण

शाळेतला आवर्तसारणीचा तक्ता
ओरुरोहून बसच्या टपावरून आला.
वाटेत उजवा कोपरा फाटला,
निष्क्रिय वायू वाऱ्याबरोबर गेले.
आमचं काही अडलं नाही.
आमच्या गावाचं सगळं डावीकडे,
पहिल्या उभ्या ओळीत.

मुलांना सांगते, आडवे ते शेजारी,
उभे ते नातलग.
लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम:
प्रत्येकाच्या अंगणात एकच इलेक्ट्रॉन
आणि तोही जड झालेला.
पाणी दिसलं की देऊन मोकळे.
लिथिअम नुसता फसफसतो,
सोडिअम पाण्यावर सैरावैरा धावतो,
पोटॅशिअम जांभळा पेटतो.

हे सगळं पुस्तकातून.
शाळेकडे सोडिअम नाही.
म्हणजे आहे,
खिडकीबाहेर दहा हजार चौरस किलोमीटर,
उयुनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत,
पण क्लोरिनच्या मिठीत.
त्या मिठीचंच मीठ झालं.
आता पाण्यात टाका, बटाट्यावर टाका,
कुणी पेटत नाही.

मिश्रणाचं तसं नसतं.
मिश्रणात जो तो आपल्या स्वभावाला धरून.
मिठाच्या थराला भोक पाडून
आम्ही खालचं खारट पाणी काढलं,
बशीत ओतून उन्हात ठेवलं.
आधी मिठाचे चौकोनी खडे धरले.
ते बाजूला केले, उरलेलं पुन्हा उन्हात.

विल्देर वायास उभा राहिला.
भाऊ लिथिअमच्या कारखान्यात आहे, म्हणाला,
तिथे मीठ म्हणजे कचरा.
आमचे बाबा फावड्याने मीठ ओढतात,
त्यांना खालचं पाणी म्हणजे कचरा.
मग बाई, मिश्रणातला कचरा नक्की कोणता?
प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला.
अजून पुसलेला नाही.

त्या वर्षी तेओदोसिओमामा
अकरा रात्री झोपला नाही.
चांदण्यात मिठाचे ढीग रचत गेला,
ओळंब्यात, एकामागून एक,
प्रत्येकाला नाव दिलं.
बाराव्या दिवशी वाटायला लागला:
फावडं दिलं, सायकल दिली,
लामाची जोडी दिली,
लग्नातली टोपी एका ट्रकवाल्याच्या डोक्यावर ठेवली
आणि हसत सुटला.

पोतोसीच्या डॉक्टरीणबाईंनी पांढऱ्या गोळ्या दिल्या.
वेष्टनावर बारीक अक्षरात: लिथिअम कार्बोनेट.
मी तीनदा वाचलं.
तक्त्यावरचा तिसरा चौकोन
मामाच्या जिभेवर.

बाई म्हणाल्या, मीठ कमी करू नका.
बासिलियामामी कित्येक आठवड्यांनी हसली:
अहो, आमच्या घराच्या विटासुद्धा मिठाच्या!
बाई हसल्या नाहीत.
मूत्रपिंडाला ही भावंडं नीट ओळखू येत नाहीत, म्हणाल्या.
मीठ तुटलं की ते घाबरतं,
सोडिअम समजून लिथिअमला धरून ठेवतं,
आणि औषधाचं विष होतं.

खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात
ते माणसाच्या इमानाबद्दल, असं मी समजत होते.
मामी आता सूपात मीठ घालते
एकाच चमच्याने,
वर सुरीची पाठ फिरवून,
सणाला नाही जास्त, भांडणात नाही कमी.
मामा पुन्हा ढीग करतो.
वाकडे होतात, त्यांना नावं नसतात.
कधी म्हणतो, त्या रात्री मीठ निळं दिसत होतं.
आम्ही ऐकून घेतो.

मागच्या आठवड्यात तो शाळेची खिडकी दुरुस्त करायला आला.
बशीत तळाशी पिवळट, तेलकट थेंब उरला होता,
महिनाभर उन्हात, तरी सुकत नव्हता.
हे काय, त्याने विचारलं.
उरलेलं आहे, विल्देर म्हणाला.
मामा बराच वेळ बघत राहिला.
मग खिडकीतून धूळ येईल म्हणून
आपली टोपी काढून बशीवर झाकली,
तीच,
ट्रकवाल्याने परत आणून दिलेली,
आणि उघड्या डोक्याने खिळे ठोकायला लागला.