पीक

केसाएवढी काचेची नळी,
दोन टोकांत वीस हजार व्होल्ट.
बाहेर नांदेडात पंखा धड फिरत नाही.

आधी नुसत्या बफरमधून सोडलं औषध:
सहाव्या मिनिटाला बाहेर.
मग लिपोसोम मिसळले,
मेदाचे इवले फुगे,
पेशीच्या उंबऱ्याची नक्कल.

सहा झाली. सात.
पडद्यावर सरळ रेघ.
मुनीरभाई बाटल्या विसळता विसळता,
"पीक आलं का, मॅडम?"
त्यांच्या तोंडी ते सोयाबीनचंच वाटतं.

नऊ मिनिटं चाळीस सेकंदांनी आलं,
बुटकं, पसरट, एका कुशीवर कललेलं.

"कामून एवढा उशीर?"

दारोदार टेकत आलंय, मुनीरभाई.
कुठं पाणी प्यालं, कुठं नुसतंच बसलं.

वहीत लिहिते: विलंब, तीन चाळीस.
पुन्हा एकदा बघावं म्हटलं,
तर वीज गेली.