कृती, दुसरा मसुदा

डिसेंबरात डुलुथला साडेचारलाच अंधारतं.
सरोवरावरून खनिजाची एखादी बोट
भोंगा देते, पूल वर जातो,
आणि मी खोली २१४ मध्ये
अठ्ठावीस कृती तपासत बसते.

पहिल्या मसुद्याचा नियम सोपा होता:
तुम्ही लिहा, शेजारच्या टेबलाने करायचं.
लिहिलंय तेच करायचं,
पदरचं काही घालायचं नाही.

होल्मक्विस्टने लिहिलं, “ब्युरेट द्रावणाने भरा.”
रोवनने भरली.
तोटी बंद करा असं कुठे होतं?
कॉस्टिक सोडा वरून आत, खालून बाहेर,
टेबलावर, आणि टेबलावरच्या त्याच कागदावर.
निळी शाई पसरत पसरत तिसऱ्या पायरीपर्यंत गेली.
“एवढं तर कळतंच ना!” होल्मक्विस्ट ओरडला.
वर्ग हसला. रोवन हसली नाही.
गॉगल न काढता म्हणाली,
“मला कळतं. कागदात नव्हतं.”
मी फळ्याकडे निघाले होते, काहीतरी लिहायला.
लिहिलं नाही. फडकं आणलं.

थोडं. नीट. लगेच. रंग येईपर्यंत.
लाल पेनाने या शब्दांभोवती गोल करत जाते.
थोडं म्हणजे किती थेंब?
आणि रंग, तो कुठला?
त्या दिवशी तीन पात्रांत राणी कलर आला होता.
हवा होता थंडीत नखाखाली उरतो
तेवढाच गुलाबी.

मी तरी कुणाला सांगतेय?
परभणीला, बारावीच्या जर्नलमध्ये,
मी तीन वेळा ९.८ लिहिलं होतं.
तोटी गळत होती, व्हॅसलीनची डबी रिकामी,
आणि टाकळकर सर म्हणाले,
गेल्या वर्षीचं बघ, तेच येतं.
आलं.
उत्तरापासून उलटं चालत
मी निरीक्षणापर्यंत पोचले,
सुवाच्य अक्षरात, समास आखून.
कृती सगळी कर्मणीत:
द्रावण घेतले गेले, थेंब थेंब सोडले गेले.
कोणी सोडले
ते वाक्यात नव्हतंच.
वीसपैकी एकोणीस.

आता हा पेल्टोलाचा कागद.
वर्षभरात वर्गात दोनदा बोललाय, दोन्ही वेळा खिडकी लावू का म्हणून.
पायरी सात: “रंग येईल. पात्र हलवलं की जाईल.
पुन्हा येईल, थोडा जास्त टिकेल.
तीस सेकंद राहिला तरच खरा माना.”
‘थोडा’भोवती गोल करायला पेन टेकवलं
आणि उचललं.
पायरी आठ: “आकडा वाचताना खाली वाका.
डोळा आणि द्रावणाची खळगी एका रेषेत हवी.
मी उभ्याने वाचला. चुकला.”
खाली २३.८५, त्यावर एकच आडवी रेघ,
आतलं वाचता येईल अशी.

आणि कडेला, पेन्सिलीने, माझ्यासाठी:
“मिस, तुमच्या कागदात आहे,
ब्युरेट शेवटी द्रावणाने धुवा, पात्र फक्त पाण्याने.
पात्रात पाणी राहिलं तर चालतं? का?”

चालतं.
पात्रात जे येतं ते मोजूनच आलेलं असतं;
पाण्याने ते वाढत नाही, घटतही नाही.
ब्युरेटमध्ये मात्र मागे राहिलेला थेंब
सगळंच पातळ करतो.
दोन ओळींचं उत्तर.
अकरा वर्षं मी त्याच पानाच्या झेरॉक्स काढतेय,
या दोन ओळी कधी लिहिल्या नाहीत.
मला वाटलं,
एवढं तर कळतंच.

कपाटातून मूळ प्रत काढते.
पायरी दोन आणि तीनच्या मध्ये जागा नाही.
समासात लिहिते, बारीक अक्षरात, बाण काढून.
मग पान सरळ करून
पुन्हा पहिल्यापासून वाचते, रोवनसारखं,
आणि पहिल्याच ओळीच्या डोक्यावर
आणखी एक ओळ कोंबते:
तोटी बंद आहे का, बघा.